लगेच आलेल्या उत्तराचे आभार इंग्रजीत मानताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या शिक्षण आणि करिअरच्या पानांवर इंग्रजी पत्रलेखनाचे नमुने येत असतात. मुले ते कापून ठेवतात, नोकरीला लागलेली माणसेही त्यांवरून मेल लिहितात. त्यातले एक वाक्य मात्र अजून जुन्याच वळणाने छापले जाते. समोरच्याने आपल्या मेलला लगेच उत्तर दिले, तर त्याचे आभार कसे मानायचे, ते वाक्य. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, हिंजवडीतली टेस्टर, गोव्यात होमस्टे चालवणारे जोडपे, जर्मनीतल्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार करणारा विद्यार्थी, सगळ्यांना ते सतत लागते. बहुतेक वेळा मेलची पहिलीच ओळ ती असते आणि आपल्या भाषेबद्दल वाचणाऱ्याचे मत तिथेच बनते. कार्यालयीन इंग्रजी शिकवणारे आम्ही काही शिक्षक म्हणूनच या एका ओळीबद्दल सविस्तर लिहीत आहोत. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचून पाहावीत, कारण यातल्या बऱ्याच चुका डोळ्यांआधी कानाला कळतात.

आधी जे चालते ते सांगतो. "थँक्स फॉर द क्विक रिप्लाय" हे सहकारी, नेहमीचा ग्राहक, ओळखीचा पुरवठादार यांना. "थँक यू फॉर युअर प्रॉम्प्ट रिप्लाय" हे वकिलात, बँक, विद्यापीठाचे प्रवेश कार्यालय किंवा पहिल्यांदाच पत्र लिहीत असलेली कंपनी यांना. "थँक यू फॉर गेटिंग बॅक टु मी सो क्विकली" हे दोन्हींच्या मधले आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी, कारण ते कोणालाही लिहिले तरी खटकत नाही. आपण काही विचारले होते आणि समोरच्याने ती माहिती कळवली, तर "थँक्स फॉर लेटिंग मी नो सो क्विकली". ही चार वाक्ये पक्की असली की रोजचे काम अडत नाही. अडचण येते ती त्यांत केलेल्या लहानसहान फेरफारांमुळे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे "थँक यू फॉर क्विक रिप्लाय". कानाला फारसे खटकत नाही, पण इथे एक शब्द गळला आहे. इंग्रजीत "रिप्लाय" हे मोजता येणारे नाम आहे. एकवचनात असताना त्याच्या आधी "द", "युअर", "अ" किंवा "दॅट" असे काहीतरी यावेच लागते. मराठीत उपपदे नाहीत, "लवकर उत्तराबद्दल धन्यवाद" एवढ्यावर आपले वाक्य पूर्ण होते, म्हणून ही चूक आपल्या हातून सहज होते. "द" आणि "युअर" यांत व्याकरणाचा काही वाद नाही, फरक सुराचा आहे. "द क्विक रिप्लाय" थोडे सैल, "युअर क्विक रिप्लाय" थोडे नेटके. दोन्ही एकदम घालून "द युअर रिप्लाय" करू नये. उत्तरे दोन-तीन आली असतील तर "युअर क्विक रिप्लाइज" म्हणावे. "फीडबॅक" मात्र मोजता येत नाही. तिथे "थँक्स फॉर द क्विक फीडबॅक" म्हणायचे. "अ फीडबॅक" किंवा "फीडबॅक्स" नाही.

दुसरी चूक विशेषण आणि क्रियाविशेषण यांची. मराठीत "त्वरित" हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. "त्वरित उत्तर" म्हणा की "त्वरित कळवले" म्हणा, रूप बदलत नाही. इंग्रजीत नामाआधी "क्विक" आणि क्रियापदाबरोबर "क्विकली", नामाआधी "प्रॉम्प्ट" आणि क्रियापदाबरोबर "प्रॉम्प्टली". "थँक्स फॉर युअर क्विकली रिप्लाय" किंवा "थँक्स फॉर रिप्लाइंग सो क्विक" असे होते ते यामुळेच. दुसरे वाक्य बोलण्यात ऐकू येते, लिहिण्यात टाळावे. "सून" हे नुसते क्रियाविशेषण आहे. "रिप्लाइंग सो सून" बरोबर, "सून रिप्लाय" नाही. "सो" आणि "सच" यांचीही अशीच वाटणी आहे. नाम असेल तर "सच अ क्विक रिप्लाय", क्रियापद असेल तर "सो क्विकली". "युअर सो क्विक रिप्लाय" हे दोन्हींची सरमिसळ करून झालेले वाक्य आहे आणि ते कुठेच बसत नाही.

"फॉर"च्या पुढे नाम तरी यावे, नाहीतर क्रियापदाचे "इंग" लावलेले रूप. "थँक यू फॉर रिप्लाय मी" यात दोन चुका आहेत. "रिप्लाय"ला "इंग" लागले नाही आणि "मी"च्या आधीचे "टु" सुटले. "रिप्लाइंग टु मी", "रिस्पॉन्डिंग टु माय मेल" या दोन्हींत "टु" हवे. "आन्सरिंग माय क्वेश्चन" यात नको. "गेटिंग बॅक टु मी" हे वाक्य तर शब्द न शब्द जपून लिहावे. "गेटिंग मी बॅक" लिहिले की त्याचा अर्थ "मला परत आणल्याबद्दल" असा होतो. "थँक्स टु युअर रिप्लाय" हीसुद्धा आभाराची भाषा नाही. "थँक्स टु" म्हणजे "च्यामुळे". "थँक्स टु युअर क्विक रिप्लाय, वी मेट द डेडलाइन" हे पूर्ण वाक्य मात्र उत्तम आहे: तुमच्या लगेच आलेल्या उत्तरामुळे आम्ही मुदत गाठू शकलो. तिथे आभारही येतात आणि त्यांचे कारणही कळते.

आता लवकरपणा दाखवणारे शब्द. जास्तीत जास्त गोंधळ इथे आहे, कारण शब्दकोशात हे सगळे एकमेकांशेजारी बसलेले असतात.

"क्विक" म्हणजे थोड्या वेळात झालेले. साधा शब्द, कुठेही चालतो. "प्रॉम्प्ट" म्हणजे विलंब न लावता, वेळच्या वेळी केलेले. त्यात कर्तव्यदक्षतेची छटा आहे, म्हणून तो औपचारिक पत्राला शोभतो आणि मित्राला लिहिताना जड वाटतो. "फास्ट" हा मुख्यतः गतीचा शब्द. गाडी फास्ट, इंटरनेट फास्ट. "फास्ट रिप्लाय" चुकीचे नाही, अनौपचारिक मेलमध्ये लिहिले जाते, पण "क्विक" हाताशी असताना त्याची गरज पडत नाही. "स्पीडी" जरा हलकाफुलका, "स्विफ्ट" जरा भारदस्त, दोन्ही चालतात. "रॅपिड" आणीबाणीच्या पथकांकडे आणि वैद्यकीय चाचण्यांकडे असू द्यावा. "इमिजिएट" म्हणजे मध्ये क्षणही न जाता. सहा तासांनी आलेल्या उत्तराला "इमिजिएट" म्हटले तर ती अतिशयोक्ती होते. तो शब्द मागणी करताना योग्य, आभार मानताना नाही.

"अर्जंट" आणि "अर्ली" या दोघांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण मराठी माणसाच्या मेलमध्ये हे फार येतात. "अर्जंट" हा शब्द गरज सांगतो, वेग सांगत नाही. "थँक्स फॉर युअर अर्जंट रिप्लाय" म्हणजे ज्याला तातडीने लक्ष द्यायला हवे असे उत्तर, आणि वाचणारा विचारात पडतो की आपण अशी कोणती तातडी कळवली. "अर्ली" म्हणजे ठरल्या किंवा अपेक्षित वेळेच्या आधी. "आय लुक फॉरवर्ड टु युअर अर्ली रिप्लाय" हे विनंतीचे जुने वाक्य आहे, जुनाट असले तरी बरोबर. तेच उलटवून "थँक यू फॉर युअर अर्ली रिप्लाय" केले की बिघडते. "अर्लिएस्ट रिप्लाय" तर आणखी दूर जाते, कारण त्याचा अर्थ "सर्वांत पहिले उत्तर" असा होतो. दहा जणांना कोटेशन मागितले आणि ज्याचे सर्वांआधी आले त्याला लिहायचे असेल, तरी इंग्रजीत "यू वेअर द फर्स्ट टु रिप्लाय" असेच म्हणतात. आणि "टाइमली" म्हणजे लवकर नव्हे, योग्य वेळी. निविदेची मुदत संपायच्या आत स्पष्टीकरण मिळाले तर "युअर टाइमली रिप्लाय" अगदी चपखल, मग ते चार दिवसांनी का आलेले असेना.

नाम निवडतानाही असेच भान हवे. "रिप्लाय" म्हणजे प्रत्यक्ष आलेला मजकूर. "रिस्पॉन्स" जरा व्यापक. त्यात मजकूर येतो, कृतीही येते. "आन्सर" प्रश्न विचारला असेल तरच. समोरच्याने फक्त उत्तर दिले नाही, तर कामच करून पाठवले असेल, तर "क्विक रिप्लाय" लिहून त्याच्या कामाची किंमत कमी होते. भाषांतर, डिझाइन, तपासलेला मसुदा परत आला तर "थँक्स फॉर द क्विक टर्नअराउंड". अडलेले काम सोडवून दिले तर "थँक यू फॉर सॉर्टिंग धिस आउट सो क्विकली". फोन केला असेल तर "थँक्स फॉर कॉलिंग बॅक सो सून". आम्हाला यात सर्वांत मोलाची वाटते ती ही तंतोतंतता. आभार ज्या गोष्टीचे मानायचे, ती गोष्ट नेमकी सांगितली की भाषा आपोआप नैसर्गिक होते.

आणि इथे मराठीची एक खूण उपयोगी पडते. आपली बोलायची मराठी क्रियापदावर चालते: "लगेच कळवलंत, बरं झालं", "तेवढ्यात पाठवूनही दिलंत, आभारी आहे". आपली कचेरीची मराठी मात्र नामांवर चालते: "आपल्या त्वरित प्रतिसादाबद्दल धन्यवाद". इंग्रजी मेल लिहिताना विद्यार्थी या दुसऱ्या मराठीवरून भाषांतर करतात, आणि मग "युअर काइंड अँड व्हॅल्यूड रिस्पॉन्स" यासारखी नामांची रांग उभी राहते. बोलायच्या मराठीवरून निघाले तर "लगेच कळवलंत" याचे थेट "फॉर लेटिंग मी नो सो क्विकली" होते, "पाठवूनही दिलंत" याचे "फॉर सेंडिंग इट सो क्विकली" होते. कोणी केले, काय केले, किती लवकर केले, एवढेच. वर्गात हा बदल करून घेतला की मुलांचे इंग्रजी एका तासात सुधारल्यासारखे दिसते, कारण मुळात त्यांना इंग्रजी कमी येत नव्हते, ते चुकीच्या मराठीतून निघत होते.

जुन्या वळणाबद्दल बोलायलाच हवे. "वी आर इन रिसीट ऑफ युअर मेल", "युअर एस्टीम्ड रिप्लाय", "युअर गुड सेल्फ", "थँकिंग यू इन अँटिसिपेशन" ही व्हिक्टोरियन काळातल्या व्यापारी पेढ्यांची आणि सरकारी कचेऱ्यांची भाषा आहे. त्याच काळात "युअर्स ऑफ द टेन्थ इन्स्टंट" असे लिहीत; "इन्स्टंट" म्हणजे चालू महिना, "अल्टिमो" म्हणजे गेला महिना, "प्रॉक्सिमो" म्हणजे पुढचा. महिन्यांचे ते शब्द आपल्याकडून गेले, बाकीचे राहिले. खुद्द ब्रिटनमध्ये सरकारी भाषेची साफसफाई नेटाने सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स या सनदी अधिकाऱ्याने सरकारी नोकरांसाठी साध्या इंग्रजीचे मार्गदर्शन लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे इंग्रज इथून गेल्याच्या पुढच्या वर्षी. आपल्या कचेऱ्यांना वारशाने मिळाली ती त्याआधीची भाषा, आणि पत्रलेखनाच्या गाइडांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालवली. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र आजही तोच नमुना "उत्तम इंग्रजी" म्हणून मुलांच्या हाती देणे आम्हाला पटत नाही.

आपल्या मराठी पत्रांनाही पोच देण्याची सुरेख रीत होती. "आपले पत्र पावले, मजकूर समजला" एवढ्यावर लिहिणारा मूळ मुद्द्याकडे वळत असे. कमी शब्दांत पोच द्यायची ती शिस्त इंग्रजी मेलला फार जवळची आहे.

"रिव्हर्ट" या शब्दावर बरेच वाद होतात. भारतात "रिव्हर्ट" म्हणजे उत्तर देणे हे सर्वांना कळते आणि इंग्रजी शब्दकोशांतही हा अर्थ भारतीय इंग्रजी म्हणून नोंदलेला आहे. मुंबईच्या बँकेने नागपूरच्या शाखेला "थँक्स फॉर रिव्हर्टिंग" लिहिले तर काही बिघडत नाही. परदेशी वाचणाऱ्यासाठी मात्र "रिव्हर्ट" म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. "वी विल रिव्हर्ट ऑन द डिझाइन" याचा तो "आम्ही जुन्या डिझाइनकडे परत जाऊ" असा अर्थ लावू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये तर हा धोका प्रत्यक्ष कामाचा आहे. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनात "रिव्हर्ट" ही केलेला बदल मागे घेण्याची आज्ञा आहे. कोडच्या चर्चेत "प्लीज रिव्हर्ट" लिहिले आणि समोरच्याने खरोखर बदल मागे घेतला, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. "रिव्हर्ट बॅक"मध्ये तर परत जाणे दोनदा येते. परदेशी मेलमध्ये "रिप्लाय" आणि "गेट बॅक टु मी" एवढेच ठेवावे.

आता एक पूर्ण मेल जवळून पाहू. समजा नाशिकच्या निर्यातदाराने इंग्लंडमधल्या खरेदीदाराला, मार्कला, द्राक्षांच्या पेटीबद्दल विचारले आणि दोन तासांत उत्तर आले. मार्कने द्राक्षांवरच्या कीटकनाशकांच्या अवशेष तपासणीचा अहवाल मागितला आहे. आपल्याकडे मेल साधारण असा जातो: "रिस्पेक्टेड मिस्टर मार्क सर, थँक यू फॉर युअर अर्लिएस्ट रिप्लाय. वी आर इन रिसीट ऑफ युअर मेल. काइंडली फाइंड अटॅच्ड हिअरविथ रेसिड्यू रिपोर्ट. प्लीज डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक अ‍ॅट द अर्लिएस्ट. थँकिंग यू इन अँटिसिपेशन."

यात नम्रता भरपूर आहे, पण मार्कने नेमके काय करायचे ते कुठेच नाही. "डू द नीडफुल" म्हणजे पेटीचे माप कळवायचे, अहवाल मान्य करायचा की ऑर्डर पक्की करायची? "अ‍ॅट द अर्लिएस्ट" म्हणजे आज की पुढच्या आठवड्यात? "मिस्टर"नंतर इंग्रजीत आडनाव येते, पहिले नाव नाही. आपल्या "मार्कसाहेब" या सवयीने "मिस्टर मार्क" झाले आहे. आभाराची ओळ चुकीची आहेच, शिवाय दुसरी ओळ तीच गोष्ट पुन्हा सांगते. मेल मिळाला नसता तर उत्तर कसे दिले असते?

तोच मेल असा लिहिता येईल: "हाय मार्क, थँक्स फॉर गेटिंग बॅक टु मी सो क्विकली. आय हॅव अटॅच्ड द रेसिड्यू रिपोर्ट. कुड यू कन्फर्म द कार्टन साइझ बाय वेन्सडे? वी स्टार्ट पॅकिंग ऑन थर्सडे." पहिल्या ओळीत आभार, दुसरीत पाठवले काय, तिसरीत हवे काय आणि कधीपर्यंत, चौथीत का. "बाय वेन्सडे" म्हणायला उद्धटपणा लागत नाही. कारण पुढच्याच वाक्यात दिले आहे. मार्कने स्वतःच्या मेलखाली "मार्क" एवढीच सही केली असेल तर "हाय मार्क" चालते. पूर्ण नाव आणि हुद्दा असेल तर पहिल्या वेळी "डिअर मिस्टर" आणि आडनाव. खरेदीदार डच किंवा जर्मन असला तर साध्या वाक्यांचा फायदा दुप्पट, कारण इंग्रजी त्याचीही मातृभाषा नसते आणि "हिअरविथ" त्यालाही अडते.

"लवकर" म्हणजे किती लवकर, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याच दिवशी आलेले उत्तर लवकर म्हणावे, दुसऱ्या दिवशी सकाळी आलेलेही. तीन-चार दिवसांनी आलेल्या उत्तराला "क्विक" म्हणू नये. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसले तरी वाचणाऱ्याला तो टोमणा वाटतो. अशा वेळी विशेषण काढून टाकावे: "थँक यू फॉर युअर रिप्लाय", "थँक्स फॉर गेटिंग बॅक टु मी". एवढ्याने भागते. मात्र घड्याळ समोरच्याचे धरावे. पुण्याहून उन्हाळ्यात सोमवारी सकाळी ११ वाजता न्यूयॉर्कला मेल पाठवला तर तिथे रात्रीचा दीड वाजलेला असतो. तिथला माणूस सकाळी ९ वाजता कामावर येऊन पहिले उत्तर आपल्याला देतो, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आपल्याला साडेसात तास लागलेले दिसतात, त्याने मात्र आल्या आल्या उत्तर दिलेले असते. ते "क्विक"च आहे. उलट आपल्या सकाळी कोणी तिकडच्या मध्यरात्री उत्तर पाठवले, किंवा शनिवारी दिले, तर "थँक यू फॉर रिप्लाइंग ऑन अ सॅटर्डे" असे त्या वेळेचे किंवा दिवसाचे नाव घेऊन म्हणावे. वेगापेक्षा त्याने दिलेला वेळ महत्त्वाचा आहे, हे त्यातून पोचते.

दोन वाक्ये आभाराची दिसतात पण तशी वाचली जात नाहीत. "थँक यू फॉर युअर प्रॉम्प्ट अटेन्शन टु धिस मॅटर" हे थकबाकीच्या नोटिशीखाली असते. काम अजून झालेले नाही आणि ते लवकर करा, असा त्याचा अर्थ. ज्याने काम करून टाकले आहे त्याला हे पाठवू नये. "थँक्स इन अ‍ॅडव्हान्स" हेही काम होण्याआधीचे. काही जणांना ते सौजन्याचे वाटते, काही जणांना आपल्याला गृहीत धरल्यासारखे वाटते. म्हणून नवख्या माणसाला "आय वुड अप्रीशिएट युअर हेल्प" लिहिणे बरे. इथे "वुड"कडे लक्ष द्यावे. "आय अप्रीशिएट" म्हणजे झालेल्या गोष्टीचे आभार, "आय वुड अप्रीशिएट" म्हणजे पुढची विनंती. "अप्रीशिएट इफ यू कॅन" यात "आय वुड" आणि "इट" दोन्ही गळतात. पूर्ण वाक्य "आय वुड अप्रीशिएट इट इफ यू कुड" असे आहे.

नुसते "थँक्स अ लॉट" लिहून पूर्णविराम दिला तर ते कधीकधी रागाने म्हटल्यासारखे वाचले जाते. "थँक्स सो मच" किंवा "मेनी थँक्स" लिहावे. "मच थँक्स" इंग्रजीत नाही. "थँक यू" हे दोन शब्द आहेत, एकत्र जोडू नयेत. "टीएनएक्स", "पीएलझेड" अशी फोनवरची रूपे कंपनीच्या मेलमध्ये नकोत. नाव घेताना "थँक्स, मार्क" असा मध्ये स्वल्पविराम.

एकाच दिवशी पाच-सहा मेलची देवाणघेवाण होत असेल तर प्रत्येक वेळी "थँक्स फॉर द क्विक रिप्लाय" लिहू नये. तिसऱ्या वेळेपासून ते यंत्राने टाकल्यासारखे वाटते. पहिल्या उत्तराला पूर्ण वाक्य, मग "गॉट इट, थँक्स", "दॅट्स क्लिअर नाउ, थँक यू", "परफेक्ट, थँक्स". "नोटेड विथ थँक्स" आशियातल्या कंपन्यांत सर्रास दिसते आणि चुकीचे नाही, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला ते कोरडे वाटू शकते. मेल वीस जणांना गेला असेल तर आभार फक्त ज्याने उत्तर दिले त्यालाच पाठवावेत. आपोआप येणाऱ्या पोचपावतीला किंवा रजेच्या संदेशाला आभाराचा मेल पाठवायचे कारण नाही. तक्रारींना तिकीट क्रमांक देणाऱ्या यंत्रणेत तो नवा संदेश म्हणून नोंदला जातो आणि बंद झालेली तक्रार पुन्हा उघडू शकते.

जीमेलने २०१७ पासून फोनवर तयार उत्तरे सुचवायला सुरुवात केली, आता तर संगणक पूर्ण मेल लिहून देतो. ती इंग्रजी बहुधा शुद्ध असते. पण उत्तर दोन तासांत आले की पाच दिवसांनी, समोरच्याने नुसते कळवले की काम करून दिले, त्याने सुटीच्या दिवशी वेळ काढला का, हे लक्षात घेऊन शब्द निवडणे लिहिणाऱ्याकडेच राहते. यंत्राने सुचवलेले "थँक यू सो मच फॉर युअर इन्क्रेडिबली प्रॉम्प्ट रिस्पॉन्स" विद्यार्थी जसेच्या तसे पाठवतात. एका ओळीच्या उत्तराला एवढे वजन पेलत नाही.

आपल्याकडे आमची विनंती एवढीच आहे. पत्रलेखनाचा नमुना छापताना त्याच्या डोक्यावर तीन गोष्टी द्याव्यात: पत्र कोणाला आहे, त्याच्याशी आधीची ओळख किती, आणि त्याचे उत्तर किती वेळाने आले. त्याखाली एकच ठोकळेबाज मसुदा न देता त्याच प्रसंगाची दोन रूपे द्यावीत, एक वकिलातीला लिहिलेले आणि एक नेहमीच्या ग्राहकाला. "थँकिंग यू" आणि "डू द नीडफुल" असलेले जुने नमुने पुन्हा छापले जाऊ नयेत. असे मसुदे तपासून द्यायला आम्ही विनामूल्य तयार आहोत.

कळावे,

आपले,
कार्यालयीन इंग्रजीचे काही शिक्षक,
पुणे